मेसोथेलिओमाची केस आणि वकिलांच्या दोन फर्म: न्यू जर्सीतला आमचा अनुभव

दोन्ही फर्मची नावं लिहिणार नाहीये हे आधीच सांगते, कारण नानांची केस (मेसोथेलिओमा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस या उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाच्या धुळीने होणारा, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) अजून पूर्ण मिटलेली नाही आणि ज्या कंपन्यांनी पैसे दिले त्यांच्या कागदावर आकडा कुणाला सांगणार नाही म्हणून सह्या झाल्यात. तरी लिहितेय, कारण या एडिसन-हिल्सबरो पट्ट्यात आपली एवढी मंडळी आहेत आणि ती सगळीच काही आयटीतली नाहीत, सत्तरच्या दशकात आलेल्या पिढीत रिफायनरीत, पॉवरहाऊसमध्ये, बोटींवर हात काळे केलेले काका-मामा बरेच निघतील. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: टीव्हीवर जाहिरात करणारी पहिली फर्म, एक स्टार, तोही फोन पहिल्या रिंगला उचलतात म्हणून. दुसरी फर्म, चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

नाना म्हणजे माझे सासरे. मुंबईत एका गोदीत अप्रेंटिस फिटर म्हणून लागले, मग काही वर्षं बोटीवर, मग इथे येऊन युनियनमध्ये पाइपफिटर, ते थेट रिटायर होईपर्यंत. स्टीमच्या लाइनी, पंप, बॉयलर, व्हॉल्व्ह, हेच आयुष्य. मधे दम लागायला लागला, एक्सरेत छातीत पाणी दिसलं, सासूबाईंना अर्थातच आधी टीबी आठवला, पाणी काढलं तर परत भरलं, शेवटी फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला तेव्हा रिपोर्टवर मेसोथेलिओमा आलं. डॉक्टरांनी त्यानंतर पहिला प्रश्न विचारला तो असा की तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत. हा आजार अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर वीस ते पन्नास वर्षांनी वर येतो (तेव्हाच्या गॅस्केट, पॅकिंग, पाइपकव्हरमध्ये तेच असायचं), त्यामुळे नानांना स्वतःलाच आधी पटेना, ते म्हणाले अरे मी ते काम सोडून जमाना झाला.

आता पहिली फर्म. मेसोथेलिओमा हा शब्द गुगलवर जाहिरातीसाठी सगळ्यात महाग शब्दांपैकी एक आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा कळलं असतं तर शोधताना वर येणाऱ्या पहिल्या चार लिंकवर बोटसुद्धा लावलं नसतं. नवऱ्याने एका रात्री एका साइटवर फॉर्म भरला आणि सकाळपासून फोन सुरू. बोलणारी मुलगी वकील नव्हती, ‘केस मॅनेजर’ होती, दुसऱ्याच राज्यात बसलेली, आणि तिला नाना कसे आहेत यापेक्षा आजच्या आज ऑनलाइन सही होईल का यात जास्त रस. नानांशी ती बोलली ते पण ऐका. तिच्यासमोर कंपन्यांची यादी, ती एकेक नाव वाचणार आणि म्हणणार, हे तर तुम्ही वापरलंच असेल ना सर? नाना दुसऱ्या-तिसऱ्या नावालाच चिडले. फोन बाजूला धरून मला म्हणाले, ‘अगं, ही मला विचारतेय का पढवतेय?’ वर करारात वकिलाची फी ४० टक्के, आणि बारीक अक्षरात असं की केस ते दुसऱ्या कुठल्याही फर्मला देऊ शकतात. म्हणजे हे दुकान फक्त गिऱ्हाईक पकडून पुढे पाठवणारं. कानाला खडा.

फीबद्दल इथेच सांगून टाकते कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. न्यू जर्सीच्या कोर्टाच्या नियमात वकिलाचा वाटा बांधलेला आहे, पहिल्या साडेसात लाख डॉलरवर जास्तीत जास्त एक तृतीयांश, त्यापुढच्या टप्प्यांवर आणखी कमी, आणि तोही केसचा खर्च वजा केल्यावर उरेल त्यावर. हरलात तर फी नाही. त्यामुळे इथल्या केसला ४० टक्के कुणी सांगितले तर सरळ फोन ठेवा.

दुसरी फर्म आम्हाला नानांच्या जुन्या युनियनमधल्या एका मित्राने सुचवली, तो स्वतः पाइपफिटर, त्याच्या भावाची केस यांनीच लढवलेली. ऑफिस साधंच, लॉबीत धबधबा वगैरे काही नाही. पहिल्याच भेटीत वकिलाने पॅथॉलॉजी रिपोर्टवरची तारीख बघितली आणि कॅलेंडरवर खूण केली, कारण या राज्यात आजार आणि त्याचं कारण कळल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो, काम पन्नास वर्षांपूर्वीचं असलं तरी चालतं पण कळल्यानंतर हातावर हात ठेवून बसलात तर गेलं. दुसरं त्याने केलं ते म्हणजे हॉस्पिटलला पत्र, की बायोप्सीचे तुकडे फेकून देऊ नका. हे आम्हाला जन्मात सुचलं नसतं. पुढे समोरच्या बाजूचे डॉक्टर हा मेसोथेलिओमाच नाही, दुसराच कॅन्सर आहे असं म्हणायला लागले तेव्हा तेच तुकडे परत तपासून उत्तर देता आलं.

पण खरे चार स्टार वकिलाला नाहीत, तिथल्या पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या मदतनीस, बाईंना आहेत. साठीच्या असतील, घरी आल्या, बूट दारात काढले (न सांगता!), चहा घेतला आणि नानांसमोर एक कोरी वही ठेवली. कंपनीचं नाव नाही, फोटो नाही, काही नाही. म्हणाल्या, मला एक दिवस सांगा, सकाळी साइटवर पोचल्यापासून. आणि नाना सुटले की हो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कामाबद्दल चार वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. जुना फ्लँज, म्हणजे दोन पाइप जोडणारी कड, उघडला की मधलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी चकती, भाजून लोखंडाला चिकटलेलं असतं, ते आधी पट्टीने खरवडायचं, मग वायर ब्रश, आणि घाई असेल तर ग्राइंडरला ब्रश लावून, की सगळी धूळ सरळ तोंडावर. नवीन गॅस्केट आयतं नसेल तर शीट फ्लँजवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत तिथेच कापायचं. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधलं, म्हणजे दांड्याभोवतीच्या खाचेतलं, जुनं पॅकिंग आकड्याने ओढून काढायचं, ते दोरीसारखं असतं, सुकलं की भुगा होतो. आणि हे सगळं करताना बाजूला लॅगिंगवाले, म्हणजे पाइपावर कव्हर चढवणारे, ते अर्धगोल तुकडे करवतीने कापतायत, सांध्यांवर थापायला बादलीत पांढरी पावडर पाण्यात कालवतायत. नाना टेबलावर माझी पोळ्यांची कणीक भिजवायची परात ओढून ते कालवणं हाताने दाखवत होते. ‘आम्ही तर त्या पावडरीचे गोळे करून एकमेकांना मारायचो,’ म्हणाले आणि हसले, आणि मग बराच वेळ खोकत बसले.

बाईंनी सगळं लिहून घेतलं, मधेमधे एवढंच विचारायच्या की पोतं कुठल्या रंगाचं, खोक्यावर काही चित्र होतं का, कोण आणून द्यायचं, ट्रकवर काय लिहिलेलं. हे सगळं झाल्यावर, पुढच्या खेपेला, त्यांनी फोटोंचा अल्बम काढला, आणि त्यातही मुद्दाम असे फोटो घातलेले जे नानांच्या साइटवर असणं शक्यच नव्हतं. नानांनी काही ओळखले, बऱ्याच फोटोंना सरळ नाही म्हणाले. मला वाटलं एवढ्या नाही म्हटल्यामुळे पैसे कमी होतील, तर बाई म्हणाल्या उलट, नाही म्हणता येणारा साक्षीदारच टिकतो.

याला कारण आहे, आणि ते नंतर वकिलाने समजावलं. १९९७ साली टेक्सासमधल्या एका मोठ्या फर्मचा मेमो बाहेर आला होता, त्यात साक्षीदारांनी काय आठवायचं आणि काय म्हणायचं ते जवळजवळ लिहूनच दिलेलं. मग २०१४ मध्ये गॅस्केट बनवणाऱ्या गारलॉक कंपनीच्या दिवाळखोरीच्या केसमध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या जज हॉजेस यांनी १५ जुन्या केसेस उघडून बघायला दिल्या तर पंधराच्या पंधरा केसेसमध्ये वकिलांनी दुसऱ्या कंपन्यांच्या मालाचे पुरावे दडवलेले निघाले. दावेदारांचं म्हणणं गारलॉकचं देणं अब्जाच्या वर जाईल, जजने धरलं साडेबारा कोटी डॉलर. तेव्हापासून समोरच्या वकिलांना पढवलेल्या साक्षीचा वास लगेच येतो. आता पहिल्या फर्मची ती मुलगी आठवा. तिने नानांच्या तोंडात घातलेली नावं उलटतपासणीत पाच मिनिटं टिकली नसती, आणि मग त्यांचं खरं आठवणंही खोट्यात गेलं असतं. म्हणून मी म्हणते, फर्म पारखायची असेल तर किती कोटी जिंकले ते बघू नका, घरी येऊन वही उघडणारं माणूस कोण आहे ते बघा. पैसा त्या वहीवरच उभा राहतो.

वहीला जोड म्हणून कागदपत्रंही त्यांनीच काढली. सोशल सिक्युरिटीकडे एक फॉर्म भरला की (एसएसए-७०५०) कुठल्या वर्षी कुठल्या मालकाने तुमच्या नावावर किती पगार दाखवला याची पूर्ण यादी येते, ती आणि युनियनच्या पेन्शनचे तास जुळवले, आणि नाना ज्याला ‘तो नदीकाठचा जॉब’ म्हणायचे त्याचं साल सापडलं. नानांनी स्वतः सांगितलेलं साल चुकीचं होतं, पण मोठी मुलगी तेव्हा पोटात होती हे सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं आणि ते बरोबर निघालं.

बऱ्याच जणांना वाटतं आपण ज्यांच्याकडे नोकरी केली त्यांच्यावर केस. तसं नसतं. मालकाविरुद्ध वर्कर्स कॉम्पचा (कामामुळे झालेल्या इजा-आजाराच्या विम्याचा) वेगळा रस्ता आहे, कोर्टात सहसा जाता येत नाही. दावा लागतो तो ज्यांनी तो माल बनवला आणि विकला त्यांच्यावर, गॅस्केटवाले, पॅकिंगवाले, पाइपकव्हरवाले, पंप-व्हॉल्व्हवाले. हा रस्ता १९७३ च्या क्लॅरेन्स बोरेल यांच्या केसने मोकळा केला, टेक्सासमधले इन्सुलेशन कामगार, निकाल लागायच्या आधीच गेले बिचारे. मालाचा धोका माहीत असून सांगितला नाही म्हणून बनवणारा जबाबदार, एवढी साधी गोष्ट, पण तोवर कुणी मान्य केली नव्हती. आणि न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये ‘आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं’ हा बचावही ऐकून घेतला नाही.

माहीत नव्हतं हे तसंही कठीणच आहे. रेबेस्टॉस-मॅनहॅटन आणि जॉन्स-मॅनव्हिल या दोन्ही हाच माल बनवणाऱ्या कंपन्या, १९३५ साली पहिलीच्या अध्यक्षाने दुसरीच्या वकिलाला पत्र लिहिलं होतं, अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपलं बरं, अशा अर्थाचं, ती पत्रं सत्तरच्या दशकात कोर्टात बाहेर आली. आणि इथल्याच पॅटर्सनला डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ दवाखाना चालवायचे, तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याचे कामगार त्यांचे पेशंट, त्यांना दिसलं हे एकामागून एक कसल्या आजाराने जातायत, मग न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या इन्सुलेशन युनियनच्या ६३२ कामगारांचा अभ्यास १९६४ मध्ये छापला. म्हणजे नाना इथे पहिलं गॅस्केट खरवडायच्या आधी! हे वाचून नवरा दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही.

आता ट्रस्ट. यात लोक फार फसतात म्हणून जरा लांबण लावते. आम्ही राहतो तिथून मॅनव्हिल गाव दहा मिनिटांवर, आपल्यातल्या कित्येकांचं तिथे येणंजाणं आहे, त्या गावाचं नावच जॉन्स-मॅनव्हिल कंपनीवरून पडलेलं, एवढा मोठा त्यांचा कारखाना होता. केसेसचा ढीग लागल्यावर कंपनीने ऑगस्ट १९८२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्यातून १९८८ मध्ये पीडितांना पैसे देणारा ट्रस्ट निघाला. त्याचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं, २०११ च्या सरकारी अहवालात असे ६० ट्रस्ट मोजलेत. जाहिरातीत म्हणतात ट्रस्टमध्ये अब्जावधी डॉलर तुमची वाट बघतायत. असतील. पण मॅनव्हिल ट्रस्टच्या तक्त्यात मेसोथेलिओमाला किंमत ३,५०,००० डॉलर लिहिलेली असली तरी हातात त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास पडतात, कारण पुढच्या कित्येक वर्षांच्या आजाऱ्यांना पुरवायचंय. बाकीच्या ट्रस्टचे टक्के वेगळे, पण पूर्ण रक्कम मिळेल असं धरून घराचं कर्ज फेडायचे बेत करू नका. आणि मॅनव्हिल ट्रस्टच्या पैशातून वकिलाला २५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही हेही लक्षात ठेवा, ही गोष्ट आमच्या वकिलाने स्वतःहून सांगितली, म्हणून त्याला अर्धा स्टार जास्तीचा द्यावासा वाटला होता.

वाटला होता. आता तक्रारी.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या केसेस इथे मिडलसेक्स काउंटीत न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात चालतात, आणि साक्षीदार इतका आजारी असेल तर त्याची जबानी लवकर व्हिडिओवर घेतात. ती आमच्याच घरात झाली, नाना रिक्लायनरवर, आणि स्क्रीनवर कंपन्यांचे वकील इतके की पहिल्या पानावर मावेनात. प्रत्येकजण येणार, नाव सांगणार आणि विचारणार, माझ्या कंपनीचा माल तुम्ही स्वतः हाताळलात का, कधी, कुठे, किती वेळा. फर्मने आम्हाला सांगितलं होतं की दोन तास, मग ब्रेक. प्रत्यक्षात दिवसभर ताणलं, दुसऱ्या दिवशीही. आमच्या वकिलाने मधे थांबवायला हवं होतं, त्याने उशिरा थांबवलं, तेही सासूबाईंनी ऑक्सिजनचं मशीन आणून सरळ कॅमेऱ्यासमोर ठेवल्यावर.

आणि दुभाषी. नानांचं इंग्रजी चांगलं आहे पण दमले की मराठीत शिरतात, हे आम्ही फर्मला लेखी कळवलेलं, मराठी दुभाषी हवा म्हणून. आला कोण तर हिंदीचा! त्या भल्या माणसाचा दोष नाही, पण नाना ‘तो भुगा उडायचा’ म्हणाले की हा गप्प. फर्मचं म्हणणं की भारतातलेच आहात, चालेल असं वाटलं. शेवटी समोरच्या वकिलानेच आक्षेप घेतला आणि दुसऱ्या दिवशी मराठी बाई मिळाल्या, फोनवर. म्हणजे मिळत होत्या, शोधल्या नव्हत्या.

जबानीनंतर फर्म जवळपास गायबच. पॅरालीगल बाईंना मेल केला की संध्याकाळपर्यंत उत्तर, पण वकिलाला गाठायचं म्हणजे हात टेकले. कुठल्या कंपनीशी बोलणी कुठवर आलीत ते आम्हाला बरेचदा सहीचा कागद आल्यावरच कळलं. घाई करा असं नाही म्हणणार मी, पण घरातल्यांना आठवड्याला दोन ओळी लिहायला काय जातं? मेडिकेअरचंही (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचंही) तसंच. उपचारावर मेडिकेअरने केलेला खर्च सेटलमेंटमधून परत मागायचा त्यांना हक्क असतो, हे आम्हाला चेक हातात यायच्या जरासं आधी सांगितलं, पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं. आजारपणाच्या भरपाईवर फेडरल टॅक्स लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

मुंबईहून नानांच्या पुतण्याचा फोन आला होता, काका, तुमच्या गोदीतल्या वर्षांचं काय, इथे कुणाला काही मिळेल का. वकिलाने स्पष्ट सांगितलं की तिकडची धूळ साक्षीत लपवायची नाही, पण तिच्यावर इथे दावा लागणार नाही. तिकडे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये कामगाराच्या आरोग्याचा हक्क मान्य करून अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांना एक लाखाची भरपाई सांगितली होती, आणि कारखान्याने आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा असेल तोवर ठेवायची असंही. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मेसोथेलिओमा आहे. पण नानांबरोबरच्या तिथल्या मित्रांपैकी कुणाच्या हातात अशी नोंद असलेली एकही चिठ्ठी नाही, पुतण्याने चौकशी केली. आणि आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसचे छपराचे पत्रे अजून सर्रास विकले जातायत, इथे क्रिसोटाइलवर (पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर) बंदी यायलासुद्धा मार्च २०२४ उजाडलं, तेव्हा कुणाला नावं ठेवणार.

तर ज्यांच्या घरी हे आलंय त्यांनी वकिलाकडे जाताना पॅथॉलॉजी रिपोर्ट, युनियन कार्ड, जुने पे-स्टब आणि साइटवरचे फोटो असतील तर ते न्या, आणि पेशंटला बोलवत असेल तोवर त्याला रोज थोडं बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पण नावं तुम्ही सुचवू नका. केस पेशंट गेल्यावरही चालू राहते, घरच्यांचा वेगळा दावाही लागतो, पण तो फ्लँज कसा उघडला हे सांगणारं दुसरं कुणी नसतं.

पहिल्या सेटलमेंटचा हिशेबाचा कागद आला तेव्हा मी चष्मा लावून खर्चाची प्रत्येक ओळ वाचली, तुम्हीही वाचा, सगळ्या फर्म तो देतात आणि सगळे सही करून मोकळे होतात. झेरॉक्स, कुरियर, डॉक्टरांच्या फिया, ते ठीक. त्यात त्या हिंदी दुभाष्याचा पूर्ण दिवसाचा आकार आमच्या नावावर लावलेला होता. काढायला लावला.